पाणी उतरताना: धरणातली हंगामाअखेरची मासेमारी

मेहकर-खामगाव रस्त्यावरच्या जानेफळच्या पट्ट्यात दोन मोठ्या खोऱ्यांची सीमा आहे. उत्तरेच्या उतारावरचे पाणी उतावळी, मन अशा नद्यांनी पूर्णेला आणि पुढे तापीला जाते, तर दक्षिणेचे पैनगंगेत उतरून गोदावरीच्या खोऱ्यात जाते. दोन्ही बाजूंना धरणे झाली. देऊळगाव साकर्शाकडे उतावळी प्रकल्प आहे, मेहकरच्या बाजूला कोराडी आणि पैनगंगेवरचे पेनटाकळी. पेनटाकळीचा उपयुक्त साठा सुमारे ६० दशलक्ष घनमीटर आहे आणि कोराडीचा सुमारे १५. जवळच लोणारचे सरोवरही आहे, पण ते पाणी खारट आणि अल्कधर्मी, माशाला न मानवणारे. मासा हवा असेल तर या धरणांवरच जावे लागते.

धरण बांधले ते शेतीसाठी. मासेमारी त्याच्या मागून आली आणि आजही शेतीच्या वेळापत्रकाप्रमाणेच चालते. रब्बीला पाण्याच्या पाळ्या सुटल्या की साठा उतरू लागतो. उन्हाळ्याच्या तोंडी तो झपाट्याने खाली जातो आणि एप्रिल-मेमध्ये धरण आकसून भिंतीजवळच्या खोल भागात आणि जुन्या नदीच्या पात्रात येऊन थांबते. मासेमाराच्या दृष्टीने हीच हंगामाची अखेर असते. थंड देशांत आणि आपल्या काश्मीरमध्ये ट्राउटच्या गळाचा हंगाम संपतो तो थंडी येताना. १९०० साली स्कॉटलंडहून अंडी आणून काश्मीरच्या ओढ्यांत रुजवलेला तपकिरी ट्राउट पाणी गार पडले की प्रवाहाच्या वरच्या अंगाला जाऊन अंडी घालतो. आपले कटला, रोहू, मृगळ याच्या उलट वागतात. त्यांची वीण पावसाळी पुरात होते, म्हणून त्यांची हंगामाअखेर भर उन्हाळ्यात येते. पाणी सर्वांत कमी, सर्वांत गरम आणि मासा सर्वांत दाट, असा हा काळ असतो.

या काळात जाळे कुठे टाकायचे, हे ठरवण्याआधी पाणी किती आणि कसे उतरते आहे हे पाहावे लागते. माझ्या मते हंगामाअखेरच्या मासेमारीचे निम्मे शहाणपण त्यात आहे. भर उन्हाळ्यात उघड्या पाण्यावरून वाफ होऊन दिवसाला साधारण एक सेंटिमीटर पाणी उडते. ऐकायला हे थोडे वाटते, पण एका हेक्टरवरचे एक सेंटिमीटर म्हणजे एक लाख लिटर पाणी. कालव्याने जाते ते वेगळे. शिवाय धरणाचा काठ सपाट असेल, म्हणजे शंभर मीटर चालल्यावर एक मीटर उतार असेल, तर पातळी एक सेंटिमीटर उतरली की पाण्याची कड एक मीटर मागे सरते. आज काठाजवळ कमरेइतक्या पाण्यात जाळे लावले ती जागा काही आठवड्यांत घोट्याभर पाण्यात दिसेल. उभ्या कड्याच्या बाजूला मात्र पातळी तेवढीच उतरली तरी कड जेमतेम हलते. सपाट बाजू आणि उभी बाजू कोणती हे ज्याला पाठ आहे, त्याला मासा कोणत्या दिशेने सरकणार हेही आधी कळते. सपाट बाजू सोडून मासा उभ्या बाजूकडे आणि जुन्या पात्राकडे जातो.

नदी धरणात शिरते तो शेपटाचा भाग सर्वांत आधी उघडा पडतो. तिथे गाळपेर सुरू होते, टरबूज-खरबुजाचे वेल आणि चारा दिसू लागतो. बेशरमाची झुडपे, जी दिवाळीत कमरेपर्यंत पाण्यात होती, ती कोरड्यात उभी राहतात. तिथला मासा जुन्या नदीच्या खोलगट पट्ट्याने भिंतीकडे सरकतो. काही मासा मागे डबक्यांत अडकतो आणि तिथे ढोकरी व बगळे त्याच्या मागे लागतात. भिंतीजवळ कालव्याच्या तोंडाच्या पातळीखाली जो मृत साठा उरतो, तो उन्हाळ्यात माशांचा शेवटचा आसरा असतो. उन्हाच्या तोंडी मासा या डोहात गोळा होतो.

म्हणून जुन्या माणसांना विचारावे लागते: धरणाआधी नदी कुठून वाहत होती, विहिरी कुठे होत्या, बाभळीचे बन कुठे होते? पाण्याखालचा तो नकाशा बदललेला नसतो, त्यावर फक्त गाळ चढलेला असतो. बुडालेल्या झाडांची खोडे जाळे फाडतात, पण मरळ, वाम आणि शिंगाडा त्याच खोडांच्या आणि पडक्या विहिरींच्या आश्रयाला राहतात. अशा ठिकाणी जाळ्याऐवजी गळ वापरणारे लोक योग्य करतात. पायी उतरणाऱ्याने मात्र गाळातली जुनी विहीर हा खरा धोका मानावा. वरून ती नुसते शांत डबके वाटते.

आता तराफ्यावर चला. इथल्या धरणांवर मोटारीची होडी क्वचितच दिसते. थर्माकोलचे ठोकळे प्लॅस्टिकच्या पोत्यात बांधून केलेला तराफा, ट्रकची फुगवलेली ट्यूब, नाहीतर छोटी लाकडी होडी आणि हातात एक वल्हे, एवढ्यावर काम चालते. थर्माकोलचा तराफा स्वस्त असतो, उथळ पाण्यातही तरंगतो आणि उन्हाळ्यात कमी होत गेलेल्या पाण्यात ओढून नेता येतो. पण त्याचा कण न् कण सुटून पाण्यात जातो, म्हणून तो पोत्याने नीट गुंडाळलेला असावा. तोल सांभाळण्यासाठी जाळे तराफ्याच्या मध्यभागी ठेवतात, आणि ओले जाळे ओढताना माणूस बसूनच राहतो. उभा राहून एका कडेवर वाकला की तराफा कलंडतो. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर वावटळ आणि वळवाचा पाऊस अचानक येतो आणि उघड्या पाण्यावर विजेला सर्वांत उंच वस्तू माणूसच असतो. आभाळ भरून आले तर जाळे पाण्यातच सोडून काठ गाठावा. अंगात जीवरक्षक जॅकेट हवे, कितीही पोहता येत असले तरी.

जाळ्याचे काम कसे चालते हे समजून घेण्याजोगे आहे, कारण हंगामाअखेर चुका इथेच होतात. धरणांत मुख्यतः उभे फास-जाळे लावतात. वरच्या दोरीला तरंगणारे तुकडे, खालच्या दोरीला शिशाचे किंवा दगडाचे वजन, आणि मध्ये नायलॉनचा पडदा. मासा पडदा न दिसल्यामुळे त्यात डोके घालतो, डोके पलीकडे जाते पण अंगाचा जाड भाग अडतो. मागे सरू पाहतो तर कल्ल्यांचे झाकण धाग्यात अडकते. म्हणजे जाळ्याचा आस, अर्थात त्याचा एक डोळा, डोक्यापेक्षा मोठा आणि अंगाच्या घेरापेक्षा लहान असायला हवा. आस मोजतात तो ताणून, एका गाठीपासून समोरच्या गाठीपर्यंत. ताणलेला आस १०० मिलिमीटर असेल तर त्याचा पूर्ण घेर २०० मिलिमीटर होतो. असा आस ज्याच्या अंगाचा घेर साधारण २५० मिलिमीटर आहे त्या माशाला सर्वांत चांगला धरतो, आणि तो मासा म्हणजे साधारण किलोभराचा रोहू. पावकिलोचा रोहू त्यातून सहज निसटतो आणि पाच किलोचा कटला नाक आपटून मागे फिरतो. जाळे आपला मासा निवडते, आणि आस ठरवताना आपण ती निवड आधीच केलेली असते.

दुसरी गोष्ट ढिलेपणाची. शंभर मीटरचा पडदा शंभर मीटरच्या दोरीवर बांधला तर आस मिटून जातात. तोच पडदा पन्नास मीटर दोरीवर चुण्या पाडून बांधला की आस उभट उघडतात आणि जाळे सैल, लवचीक राहते. सैल जाळे निरनिराळ्या आकाराच्या माशांना गुरफटून धरते, ताठ जाळे ठरावीक आकाराच्या माशालाच फास घालते. कटल्याचे डोके मोठे आणि अंग रुंद असते, म्हणून तो बरेचदा कल्ल्यांऐवजी जबड्याजवळ किंवा पराजवळ गुरफटून सापडतो. त्यासाठी जाळे थोडे जास्त सैल बांधलेले बरे. पूर्वी सुती जाळी झाडाच्या सालीच्या काढ्यात भिजवून टिकवत, कारण सूत ओलाव्याने कुजते. नायलॉन कुजत नाही, हा फायदा आहे आणि तोटाही. खोडात अडकून तुटलेले नायलॉनचे जाळे वर्षानुवर्षे पाण्यात उभे राहून मासे मारत राहते आणि ते मासे कोणाच्याच हाती येत नाहीत. हंगामाअखेर पाणी उतरल्यावर अशी जुनी तुटकी जाळी दिसतात, तेव्हाच ती कापून बाहेर काढावीत.

जाळे लावायची वेळ संध्याकाळची. दिवसा पाणी स्वच्छ असेल तर माशाला पडदा दिसतो. अंधार पडता पडता मासा खोलातून चरायला काठाकडे सरकतो आणि पहाटे परततो, या दोन्ही वाटांवर जाळे उभे असले पाहिजे. काठाशी आलेला मासा काठाकाठाने फिरतो, म्हणून ते काठाला आडवे, म्हणजे काठापासून खोल पाण्याकडे लावतात. काठाला समांतर लावले तर काठाने फिरणारा मासा त्याच्या बाजूने निघून जातो. पौर्णिमेच्या आसपासच्या चांदण्यात जाळे दिसते आणि पकड कमी होते. पहाटे उजाडता उजाडता जाळे काढायचे, उशीर नको. मेच्या उन्हात जाळ्यात मेलेला मासा तासाभरात नरम पडतो आणि बाजारात त्याला भाव येत नाही. उन्हाळ्यात माशाच्या वजनाइतकाच बर्फ घालावा लागतो, म्हणून तराफा काठाला लागण्याआधी बर्फ काठावर पोहोचलेला असावा.

वारा हा दुसरा सांगाती. दुपारभर पश्चिमेचा वारा वाहिला की पृष्ठभागावरचे गरम पाणी आणि त्यातले तरंगणारे सूक्ष्म जीव वाऱ्याच्या पुढच्या काठाला, म्हणजे पूर्वेच्या बाजूला जमतात. कटला हा वरच्या थरात तोंड उघडून असे सूक्ष्म जीव गाळून खाणारा मासा आहे, तो त्यांच्या मागे तिकडे जातो. म्हणून संध्याकाळी वारा पडला की वाऱ्याच्या पुढच्या काठाला वरचे जाळे लावतात. रोहू मधल्या थरात पाल्याच्या आणि शेवाळाच्या आसऱ्याने चरतो, मृगळ तळाशी गाळात तोंड घालतो. नदीसुरय पक्षी पाण्यात सूर मारताना दिसले तर तिथे बारीक मासा वर आला आहे, आणि त्याच्या खाली शिवड्यासारखा शिकारी मासा असण्याची शक्यता मोठी. पाणकावळे एका ठिकाणी पुन्हा पुन्हा बुडत असतील तर तेही पाहून ठेवावे. पक्ष्यांना बघायची सवय ही या कामातली खरी शिकवण आहे आणि ती फुकट मिळते.

उन्हाळ्याच्या अखेरीस पाण्याच्या थरांकडेही लक्ष लागते. गरम पाणी हलके असते, म्हणून ते वर तरंगते आणि थंड पाणी खाली राहते. वारा पोहोचू शकेल एवढे पाणी उथळ असेल तर दोन्ही थर मिसळतात. डोह आठ-दहा मीटर खोल आणि आडोशाला असेल तर मिसळत नाहीत. मग तळाला कुजणाऱ्या गाळामुळे प्राणवायू संपत जातो. पाणी गरम झाले की त्यात मुळात प्राणवायू कमी मावतो. २० अंश सेल्सिअसला लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशाला साडेसात. त्याच वेळी माशाचे शरीर गरम पाण्यात जास्त प्राणवायू मागते. रात्रभर शेवाळही प्राणवायू वापरते, त्यामुळे सर्वांत वाईट वेळ पहाटेची. त्या वेळी मासे पृष्ठभागावर तोंड काढून श्वास घेताना दिसले तर धरणाची तब्येत बिघडली आहे हे समजावे. ते मासे त्या वेळी सहज हाती लागतात, पण अशी पकड ही येऊ घातलेल्या मोठ्या मरीची सूचना असते. अशा सकाळी जाळे कमी करून मच्छीमार संस्थेला आणि मत्स्यव्यवसाय विभागाला कळवणे हे शहाणपणाचे.

उपकरण नसले तरी तळाचे पाणी तपासता येते. बाटलीला दगड बांधा, बुचाला वेगळी दोरी लावा, तळाशी सोडल्यावर बूच ओढून बाटली भरू द्या आणि वर घ्या. पाणी थंड लागले आणि सडक्या अंड्यासारखा वास आला तर तिथे मासा नाही, तळाचे जाळे थोडे वर उचला. त्याहून चांगला साक्षीदार स्वतः जाळेच असते. काढताना मासा पडद्याच्या वरच्या, मधल्या की खालच्या भागात अडकला आहे ते पाहावे, आणि त्याचे तोंड कोणत्या बाजूला आहे तेही. सर्व तोंडे भिंतीकडे असतील तर मासा अजून खाली उतरतो आहे. तोंडे काठाकडे असतील तर तो चरायला निघाला होता. दोन-तीन रात्रींचे हे निरीक्षण एकत्र केले की पुढचे जाळे कुठे आणि किती खोल लावायचे ते ठरते. मला हा भाग सर्वांत आवडतो, कारण इथे माणूस पाण्याशी बोलायला शिकतो.

आता या मासेमारीमागचा खर्चाचा हिशेब. कटला, रोहू, मृगळ हे आपले मोठे कार्प साठलेल्या पाण्यात वीण करत नाहीत, त्यांना पुराचे वाहते पाणी लागते. म्हणून धरणात त्यांची संख्या दरवर्षी पेरावी लागते, आणि ती पेरणी आज शक्य झाली ती डॉ. हिरालाल चौधरी यांच्यामुळे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुल इथे त्यांनी पियुषिका ग्रंथीचा अर्क टोचून माशाला तळ्यात अंडी घालायला लावले. त्याआधी नदीतून पकडलेल्या मिसळलेल्या पिलांवरच सारे अवलंबून होते. आज मत्स्यजिऱ्यांपासून, म्हणजे अगदी बारीक पिलांपासून, बोटाएवढ्या बोटुकलीपर्यंत पिल्ले वाढवून ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये धरणात सोडतात. धरण मत्स्यव्यवसाय विभागाकडून ठेक्याने घेणाऱ्या मच्छीमार सहकारी संस्थेला हा खर्च आधी करावा लागतो, आणि अशा संस्थेत बहुतेक भोई कुटुंबे असतात. पिल्लू दहा सेंटिमीटरचे होऊन मग सोडले तर शिकारी माशांपासून वाचण्याची शक्यता बरीच वाढते. बारीक सोडले तर पैसे शिवड्याच्या पोटात जातात. शिवाय पावसाळ्यात सांडव्यावरून पाणी वाहू लागले की मासाही त्याबरोबर खाली निघून जातो, म्हणून सांडव्याच्या तोंडाशी जाळी बसवणे हे पेरणीइतकेच महत्त्वाचे काम आहे. १९५२ साली देशात आणलेला तिलापिया मात्र कोणी पेरला नाही तरी धरणातच वाढतो, पिल्लांना तोंडात सांभाळतो आणि जागा व्यापतो. त्याला बारीक आसाच्या जाळ्याने, पण फक्त बेटांजवळच्या उथळ पाण्यात काढावे.

हंगामाअखेरचा मोह बारीक आसाचा असतो. पाणी आटत आहे, मासा एका डोहात दाटला आहे, पुढच्या पावसाची खात्री नाही, तर सारा काढून घ्यावा असे वाटते. किलोच्या आतला मासा काढून विकला तर त्याचे पैसे येतात, पण त्याच माशाला पुढच्या पावसात वाढू दिले तर तो दोन किलोचा होतो. त्यामुळे पाणी खरोखरच संपणार असेल, मृत साठाही उरणार नसेल, तर बारीक आस समजण्यासारखा. डोह टिकणार असेल तर नाही. पाणी कमी झाल्यावर काही जण विष, स्फोटके किंवा विजेची तार वापरतात. १८९७ च्या भारतीय मत्स्यव्यवसाय कायद्यापासून स्फोटके आणि विष दोन्हीला बंदी आहे आणि विजेच्या तारेने माणसेही मरतात. हे काम थांबवणे संस्थेच्या सभासदांच्या हाती सर्वांत जास्त आहे, कारण रात्री धरणावर कोण आहे हे त्यांनाच माहीत असते.

मे अखेरीस मादी माशाच्या पोटात अंडी भरलेली असतात. रोहूच्या मादीत वजनाच्या किलोमागे दोन लाखांहून अधिक अंडी असू शकतात. मृगात पाऊस पडून नदीला पहिले पाणी आले की काही मासे प्रवाहाच्या उलट धावतात. लोक त्यांना चढणीचे मासे म्हणतात आणि पांदीच्या ओढ्यापासून नदीच्या तोंडापर्यंत सापळे, टोपल्या, जाळी लावतात. धरणातल्या कटला-रोहूंची वीण या चढणीतून मोठ्या प्रमाणात होईलच असे नाही, पण मरळ, शिंगाडा, वाम अशा आपल्या मूळच्या माशांचे पुढचे वर्ष तिच्यावरच उभे असते. त्यामुळे पहिले दोन पूर येईपर्यंत नदीचे तोंड मोकळे ठेवावे, जाळे लावायचेच असेल तर खोल डोहाच्या बाजूला, मोठ्या आसाचे.

शेवटचे जाळे काढल्यावर ते स्वच्छ पाण्यात धुवून गाळ काढायचा, फाटलेले आस गाठवून घ्यायचे आणि सावलीत वाळवायचे. नायलॉन उन्हात पडून राहिले तर ठिसूळ होते. मग ते उंदरांपासून दूर, टांगून ठेवायचे. तराफ्याचे पोते फाटले असेल तर थर्माकोल निसटण्याआधी बदलायचे. आणि जूनमध्येच पुढच्या बोटुकल्यांची मागणी नोंदवायची, कारण ऑगस्ट उजाडला की चांगल्या आकाराची पिल्ले आधीच दुसऱ्या धरणांना गेलेली असतात. पिल्ले आली की ती संध्याकाळी सोडावीत, पिशवीतले आणि धरणातले तापमान सारखे होईपर्यंत पिशवी पाण्यावर तरंगत ठेवावी, मग थोडे थोडे धरणाचे पाणी पिशवीत घालून तोंड उघडावे.